महाडच्या वाटेवर आम्ही दोघं

आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. या अडतीस वर्षांत महाडला किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. २० मार्चला गेलो, २५ डिसेंबरला गेलो. कधी वस्तीने केलेल्या टेम्पोतून, कधी एस.टी.च्या जादा गाडीतून, पोरं कडेवर आणि हातात निळा झेंडा. पण कुठलाही कार्यक्रम नसताना, नुसतं बघायला आणि चार घास सुखाने खायला म्हणून आम्ही दोघंच कधी गेलो नव्हतो. वाचक भगिनींनो, तुमच्यापैकी तरी किती जणी आपल्या यजमानांबरोबर अशा गेल्या आहात?

विषय धाकट्या मुलाने काढला. विलायतेतलं एक वयस्क जोडपं स्कॉटलंडच्या जुन्या गावांतून हिंडतं, किल्ले बघतं, दुपारी खानावळीत बसून निवांत जेवतं, असं त्याने कुठे वाचलं होतं. म्हणाला, "आई, तुम्ही दोघंही जा की." आमचे हे हसले. "आपल्याला कुठलं स्कॉटलंड? जुनं गाव बघायचं तर आपलं महाड आहे." मी तो शब्द धरून ठेवला आणि जानेवारीत एका मंगळवारी सकाळी आम्ही पनवेलच्या एस.टी. स्टँडवर उभे राहिलो. यांचं पासष्टीनंतरचं अर्धं तिकीट आणि २०२३ पासून आम्हा बायकांना मिळालेलं अर्धं. दोघांचं मिळून एकच तिकीट झालं, याचा यांना फार आनंद!

पिशवीत मी सहा भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या होत्या. त्यामागे एक गोष्ट आहे. माझे सासरे मंडणगड तालुक्यातले. यांच्या लहानपणी, १९६५च्या सुमाराला, गावी जाताना वाटेत एका चहाच्या दुकानी थांबावं लागे. दुकानाबाहेर खिळ्याला दोन फुटके कप अडकवलेले असत. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की कप आपणच विसळून परत खिळ्याला लावायचा. सासऱ्यांनी एकदा तो कप हातात घेतला, बघितला आणि तसाच परत लावला. त्यानंतर आमच्या घरात प्रवासाचा डबा कधी सुटला नाही. सासूबाई म्हणायच्या, "उपाशी र्‍हावू नये, आन् कुनाच्या दारात उभं बी र्‍हावू नये." सासूबाई गेल्या, डबा राहिला.

पळस्पे फाटा सोडला की गोव्याचा रस्ता सुरू होतो. या रस्त्याच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला. मधल्या वर्षांत त्याने प्रवाशांच्या कमरेची जी परीक्षा पाहिली, ती कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कर्नाळ्याचा सुळका मागे पडला, पेण आलं. पेणला गणपतीचे कारखाने तसेच पोह्याचे पापड आणि मिरगुंडं. मी उतरून घेणार होते, पण हे म्हणाले, येताना घे, आता चुरा होईल. पुढे नागोठणे, कोलाड, माणगाव. लोणेरेला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची कमान दिसली. हे विद्यापीठ १९८९ सालचं. तिथे चार मुली पाठीवर दप्तरं घेऊन गाडीत चढल्या आणि त्यांच्या बोलण्याने गाडी भरून गेली.

दासगावपाशी यांनी मला खिडकीतून खाडी दाखवली. आता तिथून बोट जात नाही, पण हे गाव आपल्या इतिहासातलं मोठं बंदर आहे. डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेला येताना बाबासाहेब २४ तारखेला 'पद्मावती' बोटीने मुंबईहून निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी दासगावला उतरले. तिथे हजारो सत्याग्रही वाट बघत होते. मग सगळे पाच मैल चालत महाडला गेले. हे सगळं मला पाठ होतं, पण तो पाच मैलांचा रस्ता गाडीतून किती वेळ संपत नाही, ते त्या दिवशी कळलं. दरवेळी गर्दीत बसलेलो असतो, खिडकी कुणाच्या वाट्याला येते!

महाडच्या अलीकडे, हमरस्त्याला लागूनच, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. आम्ही तिथेच उतरलो. पायऱ्या बऱ्याच आहेत, दोनदा बसावं लागलं. डोंगराच्या पोटात तीसेक लेणी कोरलेली आहेत. पहिल्या लेण्यातल्या कोरीव लेखात कानभोज विष्णुपालित या कुमाराचं नाव आहे. त्याने लेणं, चैत्यगृह, भिक्खूंसाठी आठ खोल्या आणि लेण्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याची टाकी दान दिली, असं त्यात लिहिलेलं आहे. वर उभं राहिलं की खाली नदी आणि सारं महाड दिसतं. हे बराच वेळ त्या टाक्यात वाकून बघत होते. मग म्हणाले, "अठराशे वर्षांपूर्वी इथे पाणी दान देत होते. आणि खाली त्याच गावात..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

खाली त्याच गावात काय झालं, ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तरी आमच्या नातवंडांच्या वयाच्या मुलांसाठी थोडं सांगते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, पण कागदावरच. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद भरली, तेव्हा मंडपातल्या माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. २० तारखेला बाबासाहेबांच्या मागून लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. पुढे गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. गुंड चालून आले. त्या वेळी मंडपात माणसं जेवायला बसली होती. अन्न मातीत गेलं, जेवणाऱ्यांची डोकी फुटली. कितीतरी जणांना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. उलट हात उगारू नका, हे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना बजावलं, म्हणून त्या दिवशी पुढचा अनर्थ टळला. नंतर तळ्यात दूध, दही, शेण, गोमूत्राच्या १०८ घागरी ओतून 'शुद्धी' झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. कोर्टात दहा वर्षं गेली. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो आपल्या बाजूने.

आम्ही तळ्याकडे न जाता आधी लॉजवर गेलो. काउंटरवरच्या मुलाने आधार कार्डं मागितली. नाव वहीत उतरवलं, आडनाव उतरवलं आणि विचारलं, "काका, गाव कोणतं?" यांनी सांगितलं. पुढचा प्रश्न येईल म्हणून हे उभेच. तो चावी पुढे सरकवून टीव्हीकडे वळला. मॅच चालू होती.

दुपारी भूक लागली. मी सवयीने डबा काढला तर हे खोलीच्या खिडकीशी उभे. म्हणाले, "आज बाहेर जेवू." मला आधी खरं वाटेना. बाजारपेठेतल्या एका खानावळीत गेलो. हे नेहमी दाराजवळची जागा धरतात, म्हणून मीच पुढे होऊन आत, पंख्याखालच्या टेबलावर जाऊन बसले. बसल्या बसल्या पोऱ्याने स्टीलचे दोन पेले आणि जग आणून ठेवला. "थंड देऊ का साधं?" एवढंच त्याने विचारलं. यांनी पेला भरला, मला दिला, आपला भरला. शेजारच्या टेबलावर कपाळाला गंध लावलेले एक म्हातारबाबा जेवत होते. त्यांचा जग रिकामा झाला, तर त्यांनी आमचाच उचलला. "घेऊ ना हो?" म्हणाले. "घ्या की," हे म्हणाले. बाबांनी घटाघटा पाणी प्यालं आणि आमटी-भातात हात घातला.

सगळीकडे असंच झालंय, असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रं आपणही वाचतो. पण त्या टेबलावर झालं ते मी पाहिलं.

आणि जेवण? तांदळाची भाकरी, सुरमईची तळलेली तुकडी, तिखट रस्सा, सोलकढी. भाकरी माझ्यापेक्षा पातळ होती हे कबूल करते, पण रश्शात खोबरं जास्त आणि आंबटपणा कमी. त्रिफळ घातलं असतं तर बहार आली असती. यांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या, घरी दोनच्या वर जात नाहीत! पैसे देताना गल्ल्यावर बाटलीबंद पाणी दिसलं. वीस रुपयाला एक. हे म्हणाले, "दोन बाटल्यांचे चाळीस." आणि मग हिशेब करत राहिले, १९२७ साली चाळीस रुपये म्हणजे मजुराची किती दिवसांची मजुरी झाली असेल. हिशेब काही जुळला नाही. बाटली मात्र घेतली नाही, खानावळीच्या जगातूनच आमच्या बाटल्या भरून घेतल्या.

संध्याकाळी तळ्यावर गेलो. २० मार्चला इथे पाय ठेवायला जागा नसते, रांगेत धक्के खात पुढे सरकायचं, पाण्याला हात लावायचा की लगेच मागचे ढकलतात. मंगळवारच्या संध्याकाळी तसं काही नव्हतं. म्हातारी माणसं फेऱ्या मारत होती, एक बाई बाळाला भरवत होती. आम्ही पायरीवर बसलो. हे खाली उतरले, ओंजळ भरली, माझ्याकडे बघितलं. आता ते पाणी कुणी पीत नाही, कपाळाला लावतात. यांनीही तेच केलं आणि ओले हात माझ्या हातांवर ठेवले. अडतीस वर्षांत यांनी भर रस्त्यात माझा हात धरल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रांतिस्तंभाला वंदन केलं आणि रायगडाची गाडी धरली. डिसेंबरच्या परिषदेनंतर बाबासाहेबही रायगड बघायला गेले होते. आमचे गुडघे चौदाशे पायऱ्यांच्या लायकीचे नाहीत, तेव्हा रोपवे. १९९६ पासून ही सोय आहे, आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनी जरूर जावं. पाळण्यात बसल्यावर यांनी डोळे मिटून घेतले ते वर पोचेपर्यंत उघडले नाहीत, हे त्यांनी लिहू नको म्हटलं होतं. गडावर ६ जून १६७४ ला जिथे शिवरायांचा राज्याभिषेक झाला तिथे वाऱ्याने पदर ठरेना. गावातल्या एका मावशीकडे पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं ताक घेतलं. मावशीने विचारलं, कुठून आलात, किती पोरं. तिच्या तव्यावरची भाकरी महाडच्या खानावळीपेक्षा सरस, एवढं सांगते.

तिसऱ्या दिवशी मंडणगडमार्गे आंबडवे. हे बाबासाहेबांचं मूळ गाव. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद इथे येऊन गेले. गाव शांत, उतारावरची घरं, काजूची झाडं. तिथून दापोली. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब घेऊन दापोलीत राहिले होते. दापोलीजवळच वणंद, माता रमाईचं माहेर.

वणंदला माझा पाय निघेना. रमाईचे वडील दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. लेकीचं लग्न झालं तेही मुंबईत भायखळ्याच्या बाजारात, दुकानं उठल्यावर रात्री. पुढे नवरा शिकायला सातासमुद्रापार, आणि ही इकडे शेणी थापत संसार ओढते आहे. एकदा तिला पंढरपूरला जावंसं वाटलं. जिथे आपल्याला लांबूनच दर्शन घ्यावं लागतं तिथे कशाला, म्हणून साहेबांनी नेलं नाही. ते बरोबरच होतं. पण बाई म्हणून माझ्या मनात येतं, नवरा-बायको दोघंच चार दिवस कुठे हिंडून आली, वाटेत कुठे बसून गरम जेवली, असं तिच्या वाट्याला कितीदा आलं असेल? २७ मे १९३५ ला ती गेली. तोवर चवदार तळ्याचा हायकोर्टातला निकालही लागला नव्हता.

संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर गेलो. होड्या येतात, वाळूतच माशांचा लिलाव लागतो. बायकांचा आवाज पुरुषांच्या वर. कोळंबीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं पाण्यातून येत होती. पाणी टोपलीतून गळून त्यांच्या मानेवर येत होतं. हे म्हणाले, "रमाईचे वडील असेच येत असतील." रात्री तिथल्याच एका घरगुती खानावळीत कोळंबीचं कालवण खाल्लं. यांनी न विचारता आतल्या टेबलावर जागा धरली.

परतीला पेणला पापड घेतले, दोन पाकिटं मिरगुंडं सूनबाईसाठी. डबा उघडला तर सहाच्या सहा भाकऱ्या वाळून कडक. पनवेलला उतरेपर्यंत दिवे लागले होते. मी रिक्षा बघत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "घरी जाऊन सूनबाईला कशाला पुन्हा चुलीपाशी उभं करतेस? इथेच जेवून जाऊ." मी सूनबाईला फोन लावला, तर तिने भात कधीच उतरवला होता.