चेन तुटायची वाट कशाला बघता? घरी चेन सेट बदलताना एवढं बघाच

देहूरोड : पहिल्या पाळीला पोचायचं तर इथल्या कामगाराची गाडी पहाटेच्या अंधारातच स्टार्ट होते. कुणी तळवड्यातून, कुणी देहू-येलवाडीवरून महाळुंग्याला, कुणी तळेगावहून चाकण रस्त्याला लागतो. जाऊन-येऊन 40 किलोमीटर सहज होतात. शेजारून कंटेनर, समोर खड्डे, आणि पावसाळ्यात मावळातला चिखल. या सगळ्याचा मार खाणारी आणि सगळ्यात कमी विचारली जाणारी वस्तू म्हणजे गाडीची चेन.

चेन तुटली आणि खाली पडली तर नशीब समजायचं. गाडी नुसती ढकलत न्यावी लागते. पण तीच चेन पुढच्या स्प्रॉकेटपाशी गोळा होऊन अडकली तर इंजिनचं कव्हर फुटतं, नाहीतर मागचं चाक जागेवर जाम होतं. ट्रेलरच्या पुढे असताना हे झालं तर काय, ते सांगायला नको.

चेन ‘लांबते’ म्हणजे काय

लोखंड ताणून लांबतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. प्रत्येक कडीच्या आत पिन आणि बुश असतात, ते घासून झिजतात. 120 कड्यांच्या चेनमध्ये एकेका सांध्यात मिलिमीटरचा दहावा हिस्सा झीज झाली, तरी अख्खी चेन 12 मिलिमीटर लांब होते. मग ती स्प्रॉकेटच्या दातात नीट बसत नाही आणि दातही खाऊन टाकते.

तपासायला गॅरेजात जायची गरज नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटांनी मागे ओढून बघा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन संपली. दात करवतीसारखे एका बाजूला कललेले असतील, किंवा अ‍ॅडजस्टर शेवटच्या खुणेपर्यंत गेला असेल, तरी तेच. मोजूनच खात्री करायची असेल तर चेन ताणून धरा आणि एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत टेप लावा. 428 नंबरची नवी चेन इथे 254 मिलिमीटर भरते. माप 259 च्या आसपास गेलं की बदलायची.

हा नंबर चेनच्या पट्टीवरच कोरलेला असतो. पहिला आकडा 4 म्हणजे दोन पिनांमधलं अंतर चार अष्टमांश, अर्थात अर्धा इंच. 520 मधला 5 म्हणजे पाच अष्टमांश इंच. पुढचे दोन आकडे रुंदीचे. शेवटी ‘एच’ असेल तर पट्ट्या जाड. शंभर ते दीडशे सीसीच्या बहुतेक गाड्यांना 428 लागते, पण दुकानदाराच्या तोंडी हिशेबावर जाऊ नका. जुन्या चेनवरचा नंबर, कड्यांची संख्या आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात मोजून चिठ्ठीवर लिहून न्या. दात कमी-जास्त केले की पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही बदलतं.

आणि नुसती चेन घेऊ नका. झिजलेल्या दातांवर नवी चेन टाकली की ती पण लवकर जाते. पूर्ण सेट साध्या गाडीला साधारण हजार-दोन हजारात बसतो. कंपनीचा घ्या किंवा रोलॉन, डायमंड अशा नावाजलेल्या चेन बनवणाऱ्यांचा. फक्त पॅकिंग, पार्ट नंबर आणि बिल बघून. चार कड्या कापून जुनीच चेन आखूड करून देणारे मिस्त्री अजून आहेत, त्यांना लांबूनच नमस्कार.

काम करताना

गुरुवारची सुट्टी असो की रविवारची, दोन-तीन तास हाताशी ठेवा. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला, इंजिन थंड, आणि चावी काढून खिशात. चालू इंजिनवर, चाक फिरत असताना चेन पुसायला जाणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. चाक नेहमी हातानेच फिरवायचं.

जुनी चेन काढायची घाई करू नका. आधी पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढा, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबायला सांगा आणि त्या स्प्रॉकेटचे बोल्ट सैल करून घ्या. चेन निघाल्यावर स्प्रॉकेट मोकळं फिरतं आणि बोल्ट सुटत नाहीत. मग लॉकची क्लिप नोज प्लायरने काढा. मागचं स्प्रॉकेट बदलायला चाक उतरवावं लागतं. उतरवलंच आहे तर ड्रममधले रबरही बघून घ्या. दबून सैल झाले असतील तर नव्या चेनलाही झटके बसतात.

नव्या चेनची दोन्ही टोकं मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर आणून तिथेच लॉक जोडा, हात सोपा पडतो. आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. वरच्या बाजूला असताना ते पुढे, हेडलाइटकडे असलं पाहिजे. उलटी बसली आणि कशाला घासली तर क्लिप उडते, आणि चेन चालू गाडीवर सुटते.

ताण ठेवताना खालच्या बाजूला मधोमध चेन वर-खाली हलवा. साध्या गाड्यांत 20 ते 30 मिलिमीटर खेळ लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. चाक थोडं थोडं फिरवून जिथे चेन सगळ्यात घट्ट लागते तिथे मोजा. दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर एकाच खुणेवर हवेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. ‘टाइट असली की चांगली’ हा समज काढून टाका, घट्ट चेन बेअरिंग खाते.

चाक काढलं असेल तर ड्रम ब्रेकची टॉर्क पट्टी परत जोडली का, नट आणि पिन बसली का, हे दोनदा बघा. ती राहिली तर पहिल्याच ब्रेकला ड्रम फिरून चाक अडकू शकतं. अ‍ॅक्सलचा नट नीट आवळा, स्प्लिट पिन नवीन टाका, ब्रेक पेडल तपासा आणि मगच गल्लीत एक चक्कर मारा.

चेनवर जळकं ऑइल ओतायची आपल्याकडे जुनी सवय. त्यात धातूचा कीस असतो, तो पॉलिश पेपरसारखंच काम करतो. 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे वापरा, जास्तीचं फडक्याने पुसून घ्या. रॉकेल आता सहज मिळत नाही. साधी चेन धुवायला डिझेल चालतं. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल अजिबात लावू नका, रबर खराब होतं.

ड्यूकसारख्या गाड्यांच्या चेनला क्लिपचं लॉक नसून रिव्हेट असतो. त्याला वेगळं हत्यार लागतं, तिथे घरचा प्रयोग नको. बाकीच्यांनी साधारण शंभर किलोमीटरनंतर, म्हणजे दोन-तीन पाळ्या झाल्या की, ताण पुन्हा मोजायचा. नवी चेन सुरुवातीला थोडी बसते.