गोणपाटावरची कैफियत

११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या सेनाधिकाऱ्यांनी अध्यक्ष साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथवले, आणि जनरल पिनोचेत यांचा जो अंमल सुरू झाला तो १९९० च्या मार्चपर्यंत टिकला. या काळात तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली. धरून नेलेल्यांच्या आया-बायका तुरुंगांचे, इस्पितळांचे नि शवागारांचे उंबरे झिजवीत होत्या. बंदी-प्रत्यक्षीकरणाचे हजारो अर्ज न्यायालयांत गुदरले गेले आणि बहुतेक सारे फेटाळले गेले, कारण सरकारी दप्तराच्या लेखी ती माणसे अटकेतच नव्हती. जी कैफियत कोणी दाखल करून घेईना, ती या बायकांनी अखेर गोणपाटावर चिंध्यांची चित्रे शिवून मांडली.

राजधानी सांतियागोत चर्चच्या पुढाकाराने निघालेल्या शांतिसमितीच्या आश्रयाने १९७४ मध्ये या शिवणकामाचे पहिले वर्ग भरले. पिनोचेतच्या दडपणाने ती समिती मोडली, तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रीकेस यांनी १९७६ च्या जानेवारीत 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' ही संस्था उभारून ते काम हाती घेतले. गोणपाटाला स्पॅनिशमध्ये 'आर्पियेरा' म्हणतात; तेच नाव या चित्रांना पडले. ही रीत तिथे अगदीच नवी नव्हती, कारण गायिका व्हियोलेता पार्रा हिची गोणपाटावरील भरतचित्रे १९६४ मध्येच पॅरिसच्या लूव्रमधील शोभाकलांच्या संग्रहालयात मांडली गेली होती.

वर आंदीजची शिखरे आणि पिवळाधमक सूर्य, खाली चिंध्यांच्या बोटभर बाहुल्या, कडेने लोकरीची किनार: दुरून पाहणाऱ्याला वाटावे, मुलांच्या खोलीत टांगण्याजोगे चित्र आहे. जवळ गेल्यावर मात्र दिसते की एक बाहुली शिपायांच्या हाती सापडली आहे, दुसऱ्या काहीजणी बेकारांच्या वस्तीतील सामाईक चुलीभोवती पातेले घेऊन उभ्या आहेत, आणि 'ते कुठे आहेत?' हा प्रश्न टाक्याटाक्याने विणलेला आहे. त्या चिंध्यांतही काही नाहीशा झालेल्यांच्याच कपड्यांच्या होत्या. मागच्या बाजूला शिवलेल्या छोट्या खिशात कधी चित्राचा खुलासा करणारी चिठ्ठीही असे. मला या चित्रांत सर्वांत असह्य वाटतो तो धरपकडीवरही तसाच तळपणारा सूर्य.

बायकांच्या सुईदोऱ्याकडे राज्यकर्त्यांनी आरंभी लक्षच दिले नाही, आणि ही उपेक्षाच त्या कामाला कवचासारखी लाभली. पुढे परदेशी रवाना होणारी चित्रे जप्त होऊ लागली, सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी त्यांना बदनामीकारक ठरविले, तरी ती जातच राहिली. ती विकून येणाऱ्या पैशावर कर्ता पुरुष गमावलेली घरे चालत, हेही विसरता कामा नये. निषेध आणि पोटाची सोय या दोन गोष्टी तिथे एकाच सुईने शिवल्या जात होत्या. भीतीपोटी बहुतेकींनी चित्रावर नाव घातले नाही. २०१० मध्ये सांतियागोत उघडलेल्या स्मृतिसंग्रहालयात ही चित्रे आज जपून ठेवली आहेत. नाहीशा झालेल्यांपैकी हजाराहून अधिक जणांचे अवशेष मात्र अद्याप सापडलेले नाहीत.