वाढत्या पिल्लाची रात्रीची जागा

कुत्र्याचे पिल्लू घरी आणायचे ठरले की त्याचे नाव काय ठेवावे, त्याला दूध कोणी पाजावे यावर घरात भरपूर चर्चा होते. मात्र ते रात्री झोपणार कोठे, हा प्रश्न बहुतेक घरांत पहिल्या रात्री अकरा वाजता, पिल्लू केकाटू लागल्यावरच निघतो. मुले म्हणतात, आमच्या अंथरुणात घेऊ. आजी म्हणते, कुत्र्याची जागा दाराबाहेर. पहाटे कामावर जायचे असलेले वडील त्याला गॅलरीत बांधून दार लावून घेतात. असा घाईत झालेला निर्णय पुढे महिनोन्महिने तसाच चालतो. पिल्लाचा जीव, मुलांचे आरोग्य आणि शेजाऱ्यांची झोप या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असल्याने, सभासद बंधू-भगिनींनी व विद्यार्थी मित्रांनी त्याचा आधीच विचार करावा, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. पिल्लाची जागा एकदाच कायमची ठरवायची नसते. ते वाढेल तशी ती सरकवायची असते. सुरुवातीला माणसांच्या जवळ, परंतु स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. पुढे लसी पूर्ण झाल्यावर आणि रात्रभर लघवी आवरू लागल्यावर घरातच दाराशी किंवा बंद पडवीत. माणसांच्या अंथरुणात आणि उघड्यावर साखळीला, या दोन जागा मात्र कोणत्याच वयात योग्य नाहीत.

पिल्लू रात्री का रडते?

पिल्लू साधारण आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय त्याला आईपासून तोडू नये. तोपर्यंत ते आईच्या व भावंडांच्या अंगाची ऊब घेत, एकमेकांवर पडून झोपलेले असते. आपल्या घरी आल्यावर ती ऊब, तो वास, ते श्वासांचे आवाज एकाएकी नाहीसे होतात. त्याचे रडणे म्हणजे हट्ट नव्हे. आई जवळ यावी म्हणून निसर्गाने दिलेली ती हाक आहे. म्हणून रडणाऱ्या पिल्लाला मारू नये, त्याच्यावर ओरडू नये. माराने ते गप्प झाले तरी भित्रे होते आणि भित्रे कुत्रेच पुढे चावरे निघण्याचा धोका असतो.

रडण्याची आणखीही कारणे असतात. दोन महिन्यांचे पिल्लू ढोबळ मानाने दोन-तीन तासच लघवी आवरू शकते. चार महिन्यांचे चार-पाच तास, आणि सहा महिन्यांच्या सुमारास बहुतेक पिल्ले रात्रभर आवरतात. तेव्हा मध्यरात्री पिल्लू जागेवरून उठून वास घेत फिरू लागले, तर त्याला बाहेर न्यावे, काम उरकले की न खेळवता परत जागेवर ठेवावे. पिल्लू खात नसेल, वारंवार उलट्या किंवा रक्ताचे जुलाब होत असतील, तर सकाळ होताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पार्वो या रोगात एक-दोन दिवसांची दिरंगाईही पिल्लाच्या जिवावर बेतते.

पहिले दोन महिने

पुठ्ठ्याचे मजबूत खोके किंवा रुंद टोपली घ्यावी. तळाशी रद्दीचे कागद, त्यावर कोरडे गोणपाट आणि वर जुनी सुती चादर घालावी. शक्य झाल्यास पिल्लाच्या आईजवळचे एखादे फडके आणून त्यात ठेवावे. ओळखीच्या वासाने पिल्लू लवकर शांत होते. ही टोपली आपल्या अंथरुणापासून हात पोहोचेल इतक्या अंतरावर ठेवावी. रडू लागल्यास उचलून न घेता नुसता हात ठेवला तरी बहुधा पुरते. मोरीजवळची ओल, वाऱ्याचा झोत, डासांच्या अगरबत्तीचा धूर आणि विजेच्या तारा यांपासून ती दूर असावी. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात खोके फार तापते, तेव्हा नुसत्या गोणपाटावर, जमिनीच्या गारव्याला झोपू द्यावे.

शेवटचे खाणे झोपेच्या दोन-तीन तास आधी द्यावे. पाणी मात्र तोडू नये, विशेषतः उन्हाळ्यात. रात्री उठण्याची पाळी घरात वाटून घ्यावी. परीक्षेसाठी उशिरापर्यंत जागणाऱ्या विद्यार्थ्याने बारा वाजता एकदा आणि पहाटे उठणाऱ्या व्यक्तीने पाचला एकदा पिल्लाला बाहेर नेले, तर कोणाचीच झोप मोडत नाही.

अंथरुणात का नको?

आपल्याकडे दोन खोल्यांत पाच-सहा माणसे जमिनीवर ओळीने झोपतात. झोपेत कूस बदलताना लहान पिल्लू अंगाखाली सापडू शकते. खाटेवर घेतले तर उडी मारताना पाय मोडू शकतो. याहून महत्त्वाची बाब आरोग्याची आहे. बहुतेक पिल्लांच्या पोटात जंत असतात आणि त्यांची अंडी मातीतून, विष्ठेतून मुलांच्या हातातोंडात जाऊ शकतात. पिसवा व गोचिड्यांचा उपद्रव वेगळाच. म्हणून जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्यावे.

सर्वात गंभीर प्रश्न रेबीजचा आहे. पिल्लू लहान आहे, तेव्हा त्याला रेबीज कसा होईल, हा समज चुकीचा आहे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात. त्यापूर्वीच्या काळात, विशेषतः रस्त्यावरून आणलेल्या पिल्लाबाबत, जपूनच राहावे लागते. अंथरुणात खेळताना दात लागतो, नख लागते आणि पिल्लू काढून घेतील या भीतीने मूल घरात सांगत नाही. मुलांना आधीच सांगून ठेवावे की दात किंवा नख लागले तर कोणी रागावणार नाही, परंतु ते सांगायलाच हवे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन डॉक्टर सांगतील ती सर्व इंजेक्शने पूर्ण करावीत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की तो रोग जवळजवळ निश्चित मृत्यूच आणतो. वेळेवर घेतलेली लस मात्र माणसाला वाचवते.

उघड्यावर का नको?

पार्वोचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकून राहतात. लसी पूर्ण न झालेले पिल्लू जिन्याखाली किंवा अंगणात झोपवले, तर हा रोग त्याला सहज गाठतो. शहरात उभ्या वाहनाखाली ऊब शोधत झोपलेली पिल्ले सकाळी गाडी सुरू होताच चिरडली जातात. गावी पावसाळ्यात घोणस, फुरसे यांचे भय असते.

आपल्यापैकी अनेकांची एक खोली शहरात आणि एक घर गावी असते. तेव्हा बिबट्याचाही विचार केला पाहिजे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. वजनाच्या हिशोबाने त्याच्या भक्ष्यापैकी सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा सुमारे ११ टक्केच होता. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात आणि कुत्री मोकळी असतात, हे त्याचे एक कारण दिसते. जी काळजी आपण शेळीची घेतो ती कुत्र्याची घेत नाही. शिवाय कुत्र्यासाठी आलेला बिबट्या ओटीवर झोपलेल्या मुलांच्याही जवळ येतो. राखणीसाठी कुत्रे बाहेर हवे, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दाराच्या आत झोपलेले कुत्रेही चाहूल लागताच भुंकतेच.

साखळीबाबत कायदाही स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा गुन्हा आहे. सतत बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे हाही त्याच कलमाखाली गुन्हा ठरतो. १९७६ मध्ये संविधानात आलेल्या अनुच्छेद ५१-क मधील मूलभूत कर्तव्यांत प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगण्याचा समावेश आहे. गॅलरीत बांधलेले पिल्लू रात्रभर ओरडते, तेव्हा त्याच्याबरोबर शेजारच्या आजारी माणसालाही त्रास होतो, हेही विसरू नये.

जागा कशी सरकवावी?

पिल्लू सलग आठवडाभर शांत झोपू लागले की टोपली रोज हातभर दूर न्यावी. पुन्हा रडू लागल्यास दोन दिवस तेथेच थांबावे, घाई करू नये. चार ते सहा महिन्यांत दुधाचे दात पडून पक्के दात येतात. त्या काळात चपला, वह्या, मोबाईलच्या वायरी काहीही चावले जाते. तेव्हा रात्री या वस्तू उचलून ठेवाव्यात आणि चावायला जाड दोराची गाठ द्यावी. सहाव्या-सातव्या महिन्यात, लसी पूर्ण झाल्या असतील आणि रात्री घाण होत नसेल, तर दाराशी किंवा जाळी-कडी असलेल्या पडवीत कायमची जागा द्यावी. तेथे कोरडे अंथरूण, पाण्याचे भांडे आणि कडी लावलेले दार, या तीन गोष्टी असाव्यात.

पिल्लू आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरे ठरवावीत: आज ते कोठे झोपेल, आणि सहा महिन्यांनी कोठे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तेव्हा बघू’ असे येत असेल, तर पिल्लू आणण्याचा विचार थोडा पुढे ढकलावा, हेच आमचे सांगणे आहे.