गच्चीवरून मोजा पृथ्वी

मे महिन्यात भरदुपारी गच्चीवर जा, असं अकोल्यात कुणी सांगितलं तर घरची मंडळी त्याला वेड्यात काढतील. पारा पंचेचाळीसच्या आसपास, फरशीवर पाय ठेववत नाही. तरीही सांगतो, 23 किंवा 24 मेला बारा वाजता डोक्याला रुमाल बांधा, पायांत चप्पल घाला आणि जाच! सोबत वरून खालपर्यंत सारख्या घेराचा, वीतभर उंचीचा एखादा डबा घ्या. तो सपाट जागी उभा ठेवा आणि त्याच्या सावलीवर नजर ठेवा. (सूर्याकडे मात्र बघायचं नाही, एक क्षणही नाही.)

बाराला सावली पश्चिमेच्या बाजूला जेमतेम दीड सेंटिमीटर उरलेली असते. ती आखडत जाते. 12 वाजून 19 मिनिटांच्या सुमारास शोधूनही सापडत नाही! डबा आहे, ऊन आहे, सावली गायब. तुमची स्वतःची सावलीसुद्धा तुमच्या पायाशी गोळा झालेली. याला म्हणतात शून्य सावली दिवस.

‘त्यात काय, सूर्य तर रोजच दुपारी डोक्यावर येतो!’ असं तुम्ही म्हणाल. पण नाही येत. डिसेंबरमध्ये दुपारी बघा, सावली चांगली लांब, उत्तरेकडे पडलेली असते. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. म्हणून सूर्य बरोबर डोक्यावर येण्याची जागा वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत राहते. मेच्या शेवटच्या आठवड्यात ती रोज साधारण वीस किलोमीटर उत्तरेला जाते. वाशीमला सावली 20-21 मेच्या सुमारास नाहीशी होते, अकोल्याला 23-24 मेला आणि अमरावतीला 25 मेला. अशी सरकत सरकत ही जागा 21 जूनला कर्कवृत्तावर पोचते आणि तिथून मागे फिरते. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणून दिल्लीकरांच्या नशिबी शून्य सावली कधीच नाही. देशाची राजधानी असली म्हणून काय झालं!

आणि 12 वाजून 19 मिनिटंच काऊन? आपली घड्याळं उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत. अकोला त्याच्या पश्चिमेला, 77 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपली खरी दुपार 22 मिनिटं उशिरा व्हायला हवी. पृथ्वीची सूर्याभोवतीची चाल वर्षभर सारखी नसते आणि तिचा अक्षही कललेला आहे, त्यामुळे मेमध्ये त्यातली तीनेक मिनिटं वजा होतात.

आता खरी गंमत. सुमारे 2200 वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख होता इरॅटोस्थेनिस. त्याच्या कानावर आलं, की दक्षिणेकडच्या सायीन गावात वर्षातल्या एका दुपारी ऊन थेट विहिरीच्या तळाला पोचतं. अलेक्झांड्रियात मात्र त्याच दुपारी सावली पडते. काऊन बरं? सूर्य इतका लांब आहे, की त्याचे किरण दोन्ही गावांत समांतरच येतात. सावलीत फरक पडतो तो जमीन वाकलेली असल्यामुळे. त्यानं सावलीवरून कोन काढला, 7.2 अंश. पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग. मग काय, दोन गावांमधल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा परीघ! गाव न सोडता, एका सावलीवरून अख्खी पृथ्वी मोजली त्यानं. माणसाच्या डोक्यानं केलेल्या कामांत मला हे सगळ्यांत देखणं वाटतं.

आपल्या विदर्भातही पृथ्वी मोजणारा एक माणूस कायमचा झोपला आहे. विल्यम लॅम्बटननं 1802 मध्ये मद्रासपासून जमीन मोजायला सुरुवात केली. साखळ्या आणि अर्ध्या टनाचं कोन मोजण्याचं यंत्र घेऊन तो वीस वर्षं मोजत फिरत होता. एका अंशात जमिनीचं नेमकं किती अंतर बसतं, हे त्याला काढायचं होतं, कारण त्यावरून पृथ्वीचा आकार कळतो. 20 जानेवारी 1823 रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं उचललं. हो, ज्याचं नाव शिखराला दिलं, तोच!

तुम्हाला ना साखळी हवी, ना यंत्र. हवा एक दिल्लीतला मामा. दिल्ली अकोल्याच्या जवळपास सरळ उत्तरेला आहे, म्हणून दोघांची दुपार एकाच वेळी होते. मामाला एक मीटरची काठी उभी करायला सांगा. काठी ताठ आहे का, हे दोरीला दगड बांधून तपासायचं, गवंडी ओळंबा लावतात तसं. तुमच्याकडे सावली शून्य असेल तेव्हा मामाच्या काठीची सावली साधारण 14 सेंटिमीटर भरेल. आता वहीत 10 सेंटिमीटर उंच आणि 1.4 सेंटिमीटर रुंद असा काटकोन त्रिकोण काढा आणि वरच्या टोकाचा कोन मोजा. जवळपास 8 अंश येईल. 360 भागिले 8 म्हणजे 45. अकोला ते दिल्ली सरळ रेषेत सुमारे 880 किलोमीटर. (रेल्वेचं अंतर घेऊ नका, रूळ वळणं घेत जातात.) 880 गुणिले 45 करा, उत्तर 39,600 किलोमीटर! ध्रुवांवरून जाणारा पृथ्वीचा खरा परीघ आहे सुमारे 40,008 किलोमीटर.

मे हुकला तर 20 जुलैच्या सुमारास सूर्य परत जाताना पुन्हा अकोल्याच्या डोक्यावर येतो, फक्त ढगांनी वाट द्यायला हवी.

आणि मामा दिल्लीत नसून ताई बंगळूरला नोकरीला असेल तर? तरी चालेल. बंगळूर अकोल्याच्या दक्षिणेला सुमारे 855 किलोमीटरवर आहे, आणि तिथली दुपार तुमच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं आधी होते. त्या दिवशी ताईच्या काठीची सावली उत्तरेला नाही, दक्षिणेला पडलेली दिसेल. ती किती भरली ते विचारून घ्या आणि पुढचं गणित तुम्हीच करा.