वर्षभर ब्राझीलच्या घरी: ऐकीव गोष्टी आणि खरं काय

दहावीच्या निकालानंतर ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या घरांत बोलण्याचे विषय ठरलेले असतात. सायन्स की कॉमर्स, कुठलं कॉलेज, कुठला क्लास. अशात एखाद्या घरातून बातमी येते की मुलगी अकरावीला प्रवेशच घेत नाहीये, वर्षभर ब्राझीलला चालली आहे, तिथल्या एका कुटुंबात राहायला. मग सोसायटीत प्रश्न सुरू होतात. अख्खं वर्ष फुकट घालवणार? तिकडे गोळीबार होतात ना? खाणार काय? आणि जरा आवाज उतरवून विचारलेला: त्या लोकांना यात काय मिळतं?

प्रश्न रास्त आहेत. घोटाळा होतो तो दुसरीकडेच. लोक या वर्षाला एकतर लांबलेली सहल समजतात, नाहीतर ‘फॉरेन एज्युकेशन’. ते दोन्ही नाही. परक्या घरात घरचंच एक मूल होऊन राहायचं, एवढंच यातलं खरं काम. शाळा आणि फिरणं त्याच्या मागून येतं.

आपल्या भागातून असं जाण्याची ओळखीची वाट म्हणजे रोटरीचं यूथ एक्स्चेंज. ठाणे, कल्याण, डोंबिवली, नवी मुंबई इथले रोटरी क्लब ‘डिस्ट्रिक्ट ३१४२’मध्ये येतात. योजना १५ ते १९ वयोगटासाठी. दीर्घ मुदतीचं एक्स्चेंज साधारण एका शैक्षणिक वर्षाचं, अल्प मुदतीचं काही दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. देवाणघेवाण एका डिस्ट्रिक्टची दुसऱ्याशी ठरते, त्यामुळे दर वर्षी ब्राझीलची जागा असेलच असं नाही. दुसरी वाट एएफएसची. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांची ही संघटना १९४७पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करते. भारत आणि ब्राझील दोन्हीकडे तिचं काम आहे.

‘रोटेरियनच्याच मुलांना मिळतं, आणि सगळं फुकट असतं’

दोन्ही चूक. आईवडील रोटरीचे सदस्य असण्याची अट नाही. निवड स्थानिक क्लबमार्फत होते. मुलाखत होते, आणि गुणांइतकंच मूल बोलतं कसं, निभावतं कसं हे पाहतात. राहणं, जेवण आणि शाळा यजमानांकडून, शिवाय यजमान क्लबकडून महिन्याला थोडा हातखर्च. विमानाचं जाण्यायेण्याचं तिकीट, विमा, पासपोर्ट, व्हिसा, कपडे, अधल्यामधल्या सहली हा खर्च आपला. क्लब किंवा डिस्ट्रिक्ट प्रशासकीय शुल्क घेतं का, हे सुरुवातीलाच विचारून घ्यावं. एएफएसमध्ये ठरलेलं शुल्क असतं आणि काहींना शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे फुकट नाही, पण परदेशी बोर्डिंग शाळेच्या फीच्या आसपासही नाही.

‘त्या कुटुंबाला पैसे मिळत असणार’

मिळत नाहीत. होस्ट फॅमिली स्वखुशीने मूल ठेवून घेते. कुणाचं स्वतःचं मूल त्याच वर्षी बाहेर गेलेलं असतं, कुणी कधीकाळी स्वतः एक्स्चेंजवर गेलेलं असतं, कुणाला नुसती हौस असते. आपल्याला हे पटायला जड जातं, कारण पेइंग गेस्ट हाच आपल्या ओळखीचा नमुना. पेइंग गेस्टचे हक्क भाड्यातून येतात. होस्ट फॅमिलीतल्या मुलाला घरच्या मुलाइतकेच हक्क असतात, आणि कामंही तितकीच. ताट उचलायचं, अंथरूण आवरायचं, भांडी घासायची पाळी आली की घासायची, कुठे चाललो आणि कधी येणार ते सांगून जायचं. आपल्याकडे ‘तू फक्त अभ्यास कर’ म्हणून वाढवलेल्या मुलांचा पहिला खडखडाट इथेच होतो. होस्ट आई रागावली असं रडत सांगणारा फोन आला, तर डोंबिवलीच्या आईने लगेच बाजू घेण्याआधी बेसिनमध्ये कुणाचं ताट पडलं होतं ते विचारावं.

रोटरीत बहुतेक मुलांना वर्षात एकच घर मिळत नाही. दोन ते चार घरं बदलतात. घर बदललं म्हणजे काही बिनसलं, असं इथे बसून समजण्याचं कारण नाही. बदल ठरलेला असतो. एका घरात आजी, तीन भावंडं आणि कुत्री, तर दुसऱ्यात निवृत्त जोडपं आणि रात्री नऊला सामसूम. दोन्ही ब्राझीलच.

घर कसलं असेल याचाही अंदाज बांधू नये. २०२२च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी भरली आणि त्यात सर्वांत मोठा गट, साधारण ४५ टक्के, स्वतःला मिश्रवर्णीय सांगणाऱ्यांचा होता. दक्षिणेकडच्या राज्यांत जर्मन आणि इटालियन वंशाची घरं भरपूर; साओ पावलो राज्यात जपानी वंशाची इतकी, की जपानबाहेरचा सर्वांत मोठा जपानी समाज ब्राझीलमध्येच आहे. आपल्याकडची सावळी मुलगी बसस्टॉपवर उभी राहिली तर लोक तिला तिथलीच समजून धडाधड पोर्तुगीज बोलू लागतात.

‘शाकाहारी मुलाची उपासमार होईल’

ब्राझीलच्या घरातलं रोजचं दुपारचं जेवण म्हणजे भात आणि घेवड्याच्या वर्गातल्या दाण्यांची लसूण घातलेली दाट आमटी. दाणे रिओकडे काळे, इतरत्र बहुधा तपकिरी. आणि ते शिजतात प्रेशर कुकरमध्ये. शेजारी कोशिंबिरीसारखं काहीतरी आणि कसाव्याच्या कंदाचं भाजलेलं पीठ. हा कंद मूळचा तिकडचाच, आणि आपला एकादशीचा साबुदाणा त्याच्याच स्टार्चचा. काजूही मूळचा ईशान्य ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो आणला आणि आपण तो कोकणचा करून टाकला.

इथवर छान. अडचण पुढे आहे. आमटीत पुष्कळदा डुकराच्या मांसाचा तुकडा घातलेला असतो. चीजच्या गोल पावात अंडं असतं. ‘मी मांस खात नाही’ असं सांगितलं तर पुष्कळ घरांत ते ‘बीफ खात नाही’ असं ऐकलं जातं आणि पुढ्यात कोंबडी किंवा हॅम येतं. त्यात खोडी नसते. त्यांच्या बोलण्यात मांस म्हणजे मुख्यतः गाईचं. म्हणून अर्जातच एकेक पदार्थ लिहावा: मासे नाही, कोंबडी नाही, अंडं चालेल की नाही. शाकाहारी मुलांना घरं मिळतात, पण कमी मिळतात. ‘आमच्यासाठी वेगळी भांडी’ ही अट असेल तर अर्ज न केलेला बरा.

गोमांस समोरच्या ताटात रोज दिसणार, हेही पालकांनी मनाशी स्पष्ट करून घ्यावं. ब्राझील जगातल्या सर्वांत मोठ्या बीफ निर्यातदारांपैकी एक आहे. गंमत अशी की तिथल्या मांसासाठीच्या गुरांत सगळ्यात जास्त दिसणारी नेलोर जात आपल्या आंध्रातल्या ओंगोल वंशातून आलेली. आपण खायचं नाही हा आपला निर्णय. पण शेजारी बसलेल्या होस्ट भावाच्या ताटाकडे बघून नाक मुरडलं, की ते घर तुटलंच म्हणून समजा.

‘इंग्रजी येतं, भागेल’

भागत नाही. आणि ‘स्पॅनिशचा क्लास लावलाय’ असंही पालक अभिमानाने सांगतात. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे. पोर्तुगीजांचा आपल्या गावाशी जुना संबंध. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो त्यांनीच बांधायला घेतला होता. १७३७मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं आणि १७३९मध्ये वसई. बटाटा, पाव, चावी असे त्यांचे शब्द आपल्या तोंडात आहेत, पण त्या पुंजीवर शाळेतला इतिहासाचा तास समजत नाही. पहिले दोनतीन महिने मूल वर्गात नुसतं बसून असतं. जेवणाच्या टेबलावर सगळे हसतात आणि त्याला विनोद कळत नाही. कंटाळा, थकवा, आपण बिनकामाचे आहोत ही भावना, हे सगळं याच काळात. बुद्धीने चमकणाऱ्या मुलापेक्षा हे महिने निभावणारं मूल या वर्षासाठी योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्रजीचा आधार जितका कमी, तितकी भाषा लवकर येते. मराठीचाही. रोज रात्री व्हिडिओ कॉल करणारी आई मुलाला ब्राझीलमध्ये पोहोचूच देत नाही. वेळेतला फरक साडेआठ तासांचा (बहुतेक ब्राझीलमध्ये). म्हणजे इकडे रात्रीचे साडेनऊ, तिकडे दुपारचा एक, ऐन जेवणाची वेळ. आठवड्यातून एकदा ठरवून बोलावं. बहुतेक ठिकाणचे समन्वयकही हेच सांगतात, आणि पालकांनी मध्येच भेटायला येणं त्यांना आवडत नाही.

‘एक वर्ष वाया’

यावर उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमाच्या हिशेबात हे वर्ष बहुधा धरलं जात नाही. ब्राझीलमध्ये शाळेचा शेवटचा टप्पा तीन वर्षांचा आणि शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर. ऑगस्टमध्ये पोहोचलेलं मूल अर्ध्या वर्षात शिरतं. शेवटी हजेरीचा दाखला मिळतो. तो दाखवून आपल्याकडे थेट बारावीत बसता येईल असं धरून चालू नये.

तेव्हा प्रश्न वर्ष कधी घ्यायचं एवढाच. दहावीनंतर गेलं तर परतल्यावर अकरावी. खंडाचं कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि क्लबचं पत्र जवळ ठेवावं. जेईई मेनची पात्रता बारावीच्या वर्षापासून मोजतात, त्यामुळे दहावीनंतरच्या वर्षाने ती संधी कमी होत नाही. बारावीनंतरचं गणित वेगळं. जेईई ॲडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी देता येते. ते दुसरं वर्ष परदेशात गेलं की ती संधी गेली. दहावी होऊनही मूल कच्चं वाटत असेल तर आधी अल्प मुदतीचं एक्स्चेंज पाहावं. अकरावी-बारावीच्या मध्ये जाणं मात्र मला कुठल्याच बाजूने शहाणपणाचं वाटत नाही.

शाळा पुष्कळ ठिकाणी अर्ध्या दिवसाची, सकाळी सातच्या सुमारास सुरू होऊन बाराच्या आसपास सुटणारी. जानेवारी २०२५च्या कायद्याने तिथल्या शाळांत मोबाइल वापरण्यावर देशभर बंधन आलं आहे. भाषा न येणाऱ्या मुलाला मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसता येत नाही, हा त्याचा न मागता झालेला फायदा.

‘ब्राझील म्हणजे गुन्हेगारी, कार्निव्हल आणि उकाडा’

मोठ्या शहरांतल्या काही भागांत गुन्हेगारी आहे, ती नाकारू नये. फोन हातात मिरवत चालायचं नाही, अंधार पडल्यावर एकटं हिंडायचं नाही, हे घरचेच शिकवतात. एक्स्चेंजची मुलं बरेचदा साओ पावलो, मिनास जेराइस, पाराना अशा राज्यांतल्या मध्यम शहरांत असतात. रोटरीत यजमान कुटुंबाची पार्श्वभूमी तपासतात, घर पाहतात, आणि प्रत्येक मुलाला एक काउन्सेलर असतो जो त्या यजमान घरातला नसतो. काही खटकलं तर मुलाने आधी त्याला गाठायचं. नंबर मुलाकडे आहे का, हे पालकांनी निघण्यापूर्वी पाहावं. दारू, अमली पदार्थ, वाहन चालवणं आणि प्रेमप्रकरण या चारांना मनाई आहे. मोडली तर मूल परत पाठवलं जाऊ शकतं. व्हिसा विद्यार्थ्याचा असतो, आणि ठरल्या तारखेला परतावंच लागतं. ‘गेलं की तिकडेच काहीतरी बघेल’ हा बेत इथे चालत नाही.

उकाड्याचं म्हणाल तर दक्षिणेत जून ते ऑगस्ट थंडी असते, दवबिंदू गोठतात, आणि घरांत हीटर क्वचितच. स्वेटर न्यावा. कार्निव्हलइतकाच मोठा उत्सव जूनमधला, मक्याचे पदार्थ आणि शेकोट्यांचा. त्यातला मुख्य दिवस २४ जून, सेंट जॉनचा. त्याच दिवशी गोव्यात लोक विहिरीत उड्या मारतात.

एक सरकारी गोष्ट विसरू नये. ब्राझीलहून येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. प्रमाणपत्र आता जन्मभर चालतं.

गैरसमज त्यांचेही

२००९मध्ये भारतावरची एक मालिका ब्राझीलभर गाजली, ‘कामिन्यु दास इंदियास’. तिला आंतरराष्ट्रीय एमीही मिळालं. तिच्यामुळे ‘अरे बाबा’ हे शब्द तिकडे घरोघरी पोचले. होस्ट आईच्या मनातला भारत पुष्कळदा तिथूनच आलेला: राजवाडे, अस्पृश्यता, आईवडिलांनी ठरवलेली लग्नं. तुमच्या मुलीला या सगळ्याबद्दल विचारणार, जातीबद्दलही, आणि ‘आमच्याकडे असलं काही नाही’ हे उत्तर खरंही नाही आणि पुरेसंही नाही. जाण्यापूर्वी नकाशे आणि रांगोळ्यांची तयारी सगळे करतात. या उत्तरांची तयारी फार थोडे पालक करून घेतात.

इच्छा असेल तर नववीतच जवळच्या क्लबच्या यूथ एक्स्चेंज ऑफिसरला भेटा. निवड, कागदपत्रं आणि व्हिसा यांत वर्ष सहज जातं. आणि अर्ज भरण्याआधी एक करून पाहा: आपल्याकडे येणाऱ्या परदेशी मुलाला तीन महिने घरी ठेवून घ्या. वेगळी खोली लागत नाही; स्वतंत्र पलंग हवा, आणि मुलाला साधारण त्याच वयाच्या मुलासोबत, मुलीला मुलीसोबत खोली वाटून घेता येते. रोटेरियन असण्याचीही गरज नाही. कल्याणच्या वन-बीएचकेत ते जमलं, तर तुमचं मूल ब्राझीलच्या घरात टिकेल की नाही याचा बराचसा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.