डॉक्टर एक, माणसं लाख

सुट्टीत भारतात गेलं की एखादी मावशी हळूच सांगते, "झोपच लागत नाही गं, जीव घाबरा होतो." आपण लगेच म्हणतो, "चांगल्या सायकिअ‍ॅट्रिस्टला दाखव ना!" पण दाखवायचं कुणाला? भारतात लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ नाही. आहेत ते बहुतेक शहरांत.

मग करायचं काय? गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी 'संगाथ' ही संस्था सुरू केली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक स्त्रियांना शिकवून त्यांनी दवाखान्यांत बसवलं. उदास, चिंताग्रस्त रुग्णांशी त्या बोलत. अवघड केस मानसोपचारतज्ज्ञाकडे जाई. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी शंभरातले सुमारे ६६ रुग्ण बरे झाले, ही सोय नव्हती तिथे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही.

म्हणजे तज्ज्ञाचं मोठं काम शिकवण्याचं, पाठीशी उभं राहण्याचं.

आणि आपलं? मावशीचं नीट ऐकून घेण्याचं. इथे न्यूझीलंडमध्ये आपलाच जीव घाबरला, तर १७३७ हा मोफत नंबर कधीही फिरवा. तिथेही प्रशिक्षित समुपदेशकच बोलतो. संकोच कसला?