पोत्याखाली काय आहे?

किराणा घेताना आपण तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो, डाळीतले खडे पाहतो. पण ते पोते दुकानात कशावर ठेवले होते, हे सहसा कोणी पाहत नाही. थेट फरशीवर ठेवलेले पोते ओल धरते. ओलीने बुरशी येते, आणि मका, शेंगदाणे यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. शिजवून वा भाजून ते पूर्ण नाहीसे होत नाही. म्हणून पोत्यांखाली लाकडी वा प्लॅस्टिकची चौकट, म्हणजे पॅलेट हवेच.

मात्र वाटेल ते पॅलेट चालत नाही. कारखान्यातून भंगारात आलेली जुनी लाकडी पॅलेट स्वस्त मिळतात. त्यांवर पूर्वी कीटकनाशक सांडले असेल तर ते लाकडात मुरते, धुऊन पुरते निघत नाही, आणि गोणपाट त्याला अडवू शकत नाही. ही उगाच घातलेली भीती नव्हे. 1958 साली केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले गेलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. अन्न आणि विष शेजारी ठेवू नये, तसेच विषाच्या जागी अन्नही ठेवू नये.

दुकानदारांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

1. सुक्या, बंद पोत्यांसाठी कोरडे, रंग वा वास नसलेले लाकूड चालेल. खिळे, कुसळे वर आलेली नसावीत.

2. लाकडावर ‘एच.टी.’ हा इंग्रजी शिक्का असल्यास ते उष्णता देऊन कीडमुक्त केलेले असते. ‘एम.बी.’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले. ते अन्नासाठी टाळावे. मात्र ‘एच.टी.’ शिक्क्याच्या पॅलेटवरही नंतर काय सांडले, हे शिक्का सांगत नाही.

3. दूध, मासे, भाजी अशा ओल्या मालाला धुता येणारे, अन्नासाठी योग्य दर्जाचे प्लॅस्टिकच घ्यावे. तडा गेलेले टाकून द्यावे.

4. पॅलेट जमिनीपासून अर्धा फूट उंच, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर असावे. म्हणजे खाली झाडता येते आणि उंदीर लपत नाहीत.

जेवणानंतर घरातील अनेकांना एकदम उलट्या, दरदरून घाम, तोंडाला लाळ आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्या आणि उरलेले अन्न व पीठ सोबत ठेवा.

पुढच्या वेळी वाणसामान आणायला जाल तेव्हा एकदा पोत्याखालीही नजर टाका. गिऱ्हाईक पाहते आहे असे कळले की दुकानदारही पाहू लागतो.